वाईन कूलर डिस्प्लेवर १२ दाखवतो, आत मात्र ७: सेन्सर गेला की बोर्ड?

चौकस
मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे दोन कप्प्यांचा कॉम्प्रेसरवाला वाईन कूलर आहे, दोन्ही कप्प्यांचं तापमान वेगवेगळं लावता येतं. वरचा कप्पा १२ अंशांवर लावलाय आणि डिस्प्लेही इमानेइतबारे १२ दाखवतो. पण बाटली हातात घ्यावी तर गारठलेली. आत साधा थर्मामीटर ठेवून पाहिला, तर ७ च्या आसपास. खालचा कप्पा व्यवस्थित आहे. त्यातच हल्ली मधूनच डिस्प्लेवर 'ई२' चमकतं आणि आपोआप जातं.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने दार उघडलं, बंद केलं आणि "बोर्ड गेला", म्हणजे मशीन चालवणारं सर्किट गेलं, म्हणून मोकळा झाला. मागचं पत्र्याचं झाकण काढलंसुद्धा नाही. मला सेन्सरची शंका येतेय. बोर्ड महाग आणि सेन्सर स्वस्त, त्यामुळे ही शंका माझ्या सोयीची आहे, हे मान्य. पण घरच्या घरी खात्री कशी करायची? मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो.

आडवाट
जागा राखून ठेवतोय. सवडीने लिहितो.

निवांत
आडवाट यांनी राखलेल्या जागा पुढे भरतात का, हे इथलं न सुटलेलं कोडं आहे. हलकेच घ्या.

खटाटोप
चौकस, थर्मामीटर नुसता कप्प्यात ठेवला होता की पाण्यात बुडवून? मशीन चालू-बंद होताना आतली हवा सहज दोन-तीन अंश खालीवर होते, आणि बघायला म्हणून दार उघडलंत की आणखी. बाटलीतल्या वाईनला त्याचा पत्ताही नसतो. पेलाभर पाणी मधल्या फळीवर ठेवा, थर्मामीटरचं टोक त्यात बुडवा, दार लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. फळी मधलीच घ्या, कारण पंख्याच्या तोंडाशी एक तापमान असतं आणि दाराच्या काचेजवळ दुसरंच.

आणि मुळात त्या थर्मामीटरवर तरी का विश्वास ठेवायचा? आधी बर्फाच्या पाण्यात घालून तो ० दाखवतो का, ते बघून घ्या.

सावरी
आमचा कूलर एकदा अचानक ५५ दाखवायला लागला आणि घरात पळापळ झाली. सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण कुणीतरी दाबून ठेवलं होतं. ५५ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम १३ सेल्सिअस! बटण दाबणारा अजून सापडलेला नाही.

तारतम्य
मी दुरुस्तीवाल्याच्या बाजूने. ई२ येतं आणि जातं, म्हणजे कुठेतरी संपर्क सुटतोय. बोर्डवरचं सोल्डर तडकलं असेल, नाहीतर कपॅसिटर फुगला असेल. सेन्सर म्हणजे दोन तारांच्या टोकाला एक मणी. त्यात बिघडण्यासारखं आहे काय?

खटाटोप
पुष्कळ आहे. तो मणी राहतो कुठे ते बघा ना. थंड, दमट जागा. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते आणि त्याच्यावर दव धरतं. मण्यावरचं इपॉक्सीचं आवरण कितीही चांगलं असलं तरी तार जिथून आत शिरते तिथे बारीक फट पडते. वर्षानुवर्षं ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिलं की पाणी आत पोचतं. बोर्ड त्या मानाने कोरड्यात असतो.

तारतम्य
कोरड्यात असतो, पण त्याच्या अंगावरून घराची वीज जाते. व्होल्टेज खालीवर झालं की मार कोण खातो, सेन्सर की बोर्ड? असो. मोजल्याशिवाय कळणार नाही, इतपत सहमत.

आडवाट
(राखलेली जागा भरतोय. निवांत यांनी नोंद घ्यावी.)

सेन्सर की बोर्ड, हे नंतर. आधी डिस्प्ले खरं बोलतोय का, ते ठरवा.

समजा डिस्प्लेवर ७ आहे, आतही ७ आहे, तुम्ही लावलंय १२, आणि तरी मशीन थंड करायचं थांबत नाही. मग सेन्सर निर्दोष. थंडी जास्त झाली हे मशीनला कळलंय, पण त्याला थांबता येत नाही. अशा वेळी बहुधा रिलेचे, म्हणजे बोर्डवरच्या चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटलेले निघतात. दोन कप्प्यांच्या मशीनमध्ये त्या कप्प्याचा पंखा किंवा झडप अडकलेली असू शकते. हा झाला बोर्डकडचा रस्ता.

तुमच्याकडे डिस्प्ले १२ आणि आत ७. म्हणजे मशीनला बातमीच खोटी मिळतेय आणि ते त्या बातमीनुसार इमानाने काम करतंय. संशय सेन्सर, त्याची तार, कनेक्टर आणि बोर्डवरचा सेन्सर वाचणारा भाग यांच्यावर, साधारण याच क्रमाने.

आता सेन्सर मोजायचा कसा? हा मणी म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. तापमान उतरलं की याचा रेझिस्टन्स चढतो. २५ अंशांना १० किलोओहम ही जात सर्रास सापडते, पण ५ चे आणि २ चेही असतात, त्यामुळे मागे चिकटवलेला वायरिंगचा कागद आधी वाचा. १० किलोओहम आणि बीटा (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो, त्याचा आकडा) ३९५० असेल तर १० अंशांना साधारण २०, ५ अंशांना २५-२६ आणि ० अंशांना ३२-३३ किलोओहम यायला हवेत. बीटा ३४३५ असेल तर ० ला २७-२८ च्या घरात.

प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढा. मग सेन्सरचा कनेक्टर बोर्डवरून सोडवा. भांड्यात बारीक फोडलेला बर्फ घ्या, जेमतेम बुडेल इतकं पाणी घाला आणि ढवळत राहा. मणी मधोमध धरा, तळाला किंवा काठाला टेकवू नका, आणि पाचेक मिनिटांनी आकडा घ्या. धरायचं ते तारेला. मणी बोटांत धरलात तर मीटर तुमच्या बोटांचं तापमान मोजून देईल.

निवांत
नोंद घेतली. कोडं सुटलं. एक शंका: कनेक्टर सोडवायचा कंटाळा केला आणि बोर्डवर असतानाच मोजलं तर?

आडवाट
तर चुकीचा आकडा मिळेल आणि चौकस चांगला सेन्सर फेकून देतील. बोर्डवर सेन्सरच्या जोडीला ठरावीक किमतीचा एक रेझिस्टर बसवलेला असतो. मीटरला दोघांचं मिळून काहीतरी दिसतं, आणि ते जवळपास नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतं.

उंबरठा
त्याआधी एक. काही मशीनचा डिस्प्ले मोजलेलं तापमान दाखवतच नाही, लावलेलं तेवढं दाखवतो! मग १२ च्या जागी १२ दिसणारच. दार थोडा वेळ उघडं ठेवून बघा. आकडा ढिम्म हलला नाही, तर तो लावलेला आकडा आहे, आणि आडवाट यांची सगळी चिरफाड मुळातच लागू होत नाही.

आडवाट
मुद्दा बिनतोड. चौकस, हे आधी करा.

प्रतिपदा
धागा वाचतेय. माझ्याकडे छोटा कूलर आहे, कॉम्प्रेसर नसलेला. १२ वर लावला तरी उन्हाळ्यात १८-१९ च्या खाली उतरत नाही. डिस्प्लेही १८ च दाखवतो. माझाही सेन्सर गेलाय का?

खटाटोप
नाही. वरची कसोटी लावा: डिस्प्ले खरं बोलतोय, म्हणजे सेन्सर बरा आहे. तुमचा कूलर पेल्टिअरवर चालतो, म्हणजे वीज सोडली की एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या पट्टीवर. तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच खाली जातो, आणि बाटल्या भरलेल्या असल्या की तेवढंही जमत नाही. खोली ३५ ला असेल तर १८ हे त्याने जीव तोडून केलेलं काम आहे. मागची जाळी आणि गरम बाजूचा पंखा धुळीने बुजलाय का बघा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एवढ्याने दोन-तीन अंश मिळाले तरी बरंच.

ओलसर
अवांतर: पेल्टिअरने दोन धातूंच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गरम आणि एक थंड होते, हे दाखवलं १८३४ साली. आणि फॅरेडेने सिल्व्हर सल्फाइड तापवल्यावर त्यातून वीज जास्त सहज जाते, धातूंच्या अगदी उलट, हे नोंदवलं १८३३ साली. थर्मिस्टरचं मूळ तेच. एका वर्षाच्या अंतराने लागलेल्या दोन शोधांवर प्रतिपदा यांचं अख्खं यंत्र उभं आहे.

प्रतिपदा
आणि तरी १८ च्या खाली जात नाही!

सावरी
हसून हसून पुरेवाट.

ओलसर
रेड असेल तर १८ ला तक्रार कशाला? पेल्यात ओतताना १६ ते १८ च तर हवं.

उंबरठा
पिताना, हो. साठवायला १२-१३ बरं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्थिर हवं. रोज १२ ते १८ झोके खाणाऱ्या कपाटापेक्षा कायम १५ वर बसलेलं कपाट मी कधीही पत्करेन.

चौकस
सगळ्यांचे आभार. दार उघडं ठेवल्यावर डिस्प्लेचा आकडा चढला, म्हणजे उंबरठा यांची शंका निकालात निघाली. पेल्यातलं पाणी ७ अंश, डिस्प्ले १२. थर्मामीटर बर्फात बरोबर ०.

प्लग काढून मागचं झाकण उघडलं. माहितीपुस्तिकेप्रमाणे माझ्या मॉडेलमध्ये ई२ म्हणजे वरच्या कप्प्याच्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं. वरचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात २३ किलोओहम. पण गंमत अशी की खोलीत, २५ अंशांना, तोच सेन्सर ८.९ दाखवतो. १० च्या इतक्या जवळ आहे की बरा म्हणावा की वाईट, कळेना. माझा प्रकार ३९५० आहे की ३४३५, तेही कुठे लिहिलेलं नाही.

तारतम्य
८.९ म्हणजे जवळपास ठीकच की. स्वस्तातल्या सेन्सरमध्ये एवढं उन्नीस-बीस चालायचंच. अजूनही बोर्ड.

खटाटोप
घाई नको. चौकस, तुमच्याकडे खालच्या कप्प्याचा सेन्सर आहे ना, चांगला चालणारा? दोन्ही मणी एकाच भांड्यात बुडवा. बीटा माहीत असण्याची गरजच उरत नाही. फक्त दोन्ही कप्प्यांतले हवेचे सेन्सर घ्या. मागच्या थंड पट्टीला चिकटलेला डीफ्रॉस्टचा सेन्सर वेगळ्या जातीचा असू शकतो.

चौकस
दोन्ही एकत्र बुडवले. खालचा ३२.५, वरचा २३. मग बोर्डवर कनेक्टरांची अदलाबदलही करून पाहिली: लगेच खालच्या कप्प्याचा आकडा खोटा यायला लागला आणि वरचा खरा.

आडवाट
निकाल लागला. खोटेपणा सेन्सरबरोबर गेला, बोर्डच्या जागेवर राहिला नाही.

तारतम्य, ८.९ चा हिशोब असा. मण्यात ओल शिरली की थर्मिस्टरला समांतर अशी एक गळतीची वाट तयार होते. समजा ती ८० किलोओहमची आहे. २५ अंशांना थर्मिस्टर स्वतः १० चा, त्याच्या समांतर ८० म्हणजे ८.९. चूक अडीच अंशांची, नजरेत भरत नाही. ० अंशांना थर्मिस्टर ३२.५ चा, समांतर ८० म्हणजे २३. आता मशीनला ० च्या जागी ७ दिसणार. थर्मिस्टर जितका थंड तितका त्याचा रेझिस्टन्स जास्त, आणि तितकी जास्त वीज गळतीच्या वाटेने पळणार. १२ लावल्यावर आत किती असेल, तेही यावरून काढता येतं: ७ ला अगदी किंचित कमी. चौकस यांच्या पेल्यातल्या पाण्याने हेच सांगितलं. सेन्सर खोलीत मोजून "बरा आहे" असा दाखला देणारे इथेच फसतात. तो थंडीत खोटं बोलतो, म्हणून थंडीतच मोजायचा.

तारतम्य
हे पटलं. पण मग ई२ चं काय? ओल शिरून रेझिस्टन्स कमी होतोय, आणि ई२ म्हणतंय सर्किट तुटलं, म्हणजे रेझिस्टन्स अनंत. एकाच मण्याने दोन्ही कसं होईल?

आडवाट
खरंय, ते या हिशोबात बसत नाही. चौकस, कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघा.

निवांत
एक सोपा उपाय सुचवू? काही कूलरच्या मेनूत दुरुस्तीचा आकडा असतो, ऑफसेट म्हणतात तो. उणे पाच टाकायचा आणि झोपायचं.

खटाटोप
चूक कायम तेवढीच असती तर चाललं असतं. इथे २५ ला अडीच अंश आहे आणि ० ला सात. त्यात ओल वाढत जाणार, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात आकडा पुन्हा बदलणार. वाढता वाढता आत उणे ६-७ पर्यंत गेलं तर वाईन गोठते आणि बुचं वर सरकतात. ऑफसेट हा चांगल्या सेन्सरची बारीकशी चूक काढायला आहे.

ओलसर
बाहेरून लावायचा थर्मोस्टॅट मिळतो की. त्याचा सेन्सर आत सोडा, कूलरचा प्लग त्याच्यात खुपसा. कूलर सगळ्यात थंडवर लावा, बाहेरचा थर्मोस्टॅट वीज तोडत-जोडत बसेल.

उंबरठा
बटणं फिरवायच्या जुन्या यंत्राला ठीक. इलेक्ट्रॉनिक कूलर वीज तुटली की कधीकधी लावलेलं तापमानच विसरतात. शिवाय चौकस यांच्याकडे दोन कप्पे आहेत. वीज तोडली की चांगला कप्पाही बंद!

शेवाळ
माझ्याकडे नेमका हाच बिघाड आहे, पण सेन्सरची तार आतल्या भिंतीच्या फोममध्ये शिरून गायब होते. भिंत कोरून काढू का?

आडवाट
अजिबात नको! त्या फोममध्ये गॅसच्या नळ्या असू शकतात, आणि हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. पेट घेणारा वायू आहे. नळीला टोचलं तर मशीन संपलं, आणि जवळ ठिणगी असेल तर तेवढ्यावर भागणार नाही.

जुना सेन्सर आहे तिथेच मरू द्या. त्याची तार बोर्डजवळ कापा. नवीन सेन्सरची तार पाणी निचरायच्या भोकातून किंवा तारा जायच्या आधीच्या वाटेतून आत न्या, भोक पूर्ण बुजणार नाही हे बघा, आणि मणी जुन्या जागेजवळच क्लिपमध्ये अडकवा. मागच्या भिंतीला टेकवू नका. टेकला तर त्याला हवा सोडून भिंतीची थंडी दिसेल, मशीन लवकर थांबेल आणि बाटल्या कोमट राहतील. जोड सोल्डर करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. साधी स्लीव्ह किंवा चिकटपट्टी घातलीत तर पुढच्या वेळी ओल जोडातूनच शिरेल. दोन तारांपैकी कुठली कुठे, याची चिंता नको, थर्मिस्टरला उलट-सुलट नसतं.

शेवाळ
वाचलो. म्हणजे मी आणि मशीन दोघंही.

चौकस
खबरबात: खालच्या सेन्सरशी मिळताजुळता, १० किलोओहम ३९५० चा सेन्सर आणला. बसवायच्या आधी दोन्ही एका भांड्यात घालून जुळवून घेतले. आता डिस्प्ले १२ आणि पेल्यातलं पाणी साडेबारा.

पण ई२ नव्या सेन्सरवरही आलं! मग भिंग घेऊन बसलो. बोर्डवरच्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. पिन साफ केली, समोरचा भाग बदलला. त्यानंतर ई२ दिसलेलं नाही.

तारतम्य
म्हणजे अर्धा बिघाड बोर्डवरच होता. दुरुस्तीवाल्याला अर्धे गुण द्या.

खटाटोप
झाकण न उघडता मिळालेले अर्धे गुण.

ती हिरवी पिन दुहेरी घातक, बरं का. संपर्क पूर्ण तुटला तर ई२ येतं आणि निदान कळतं तरी. पण अर्धवट राहिला तर सेन्सरच्या मालिकेत उगाच रेझिस्टन्स वाढतो आणि चूक उलट्या दिशेने होते: मशीनला आत आहे त्यापेक्षा थंड वाटतं आणि ते कमी थंड करतं. १२ अंशांच्या आसपास एक किलोओहम वाढला की जवळपास एका अंशाचा फरक. चौकस यांच्याकडे ओल मशीनला गरम भासवत होती आणि पिन थंड. दोन्ही बरोबरीत आले असते तर आत बरोबर १२ राहिले असते, आणि हा धागाच निघाला नसता.

प्रतिपदा
माझ्या कूलरची जाळी साफ करून भिंतीपासून पुढे ओढला. आता १६. रेड भरून टाकल्या, ओलसर खूश होतील.

चौकस
एक शेवटचं. वरच्या कप्प्यात व्हाइटच्या काही बाटल्या इतके दिवस ७ अंशांवर होत्या. एकीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी दिसतंय. टाकून द्यायच्या का?

उंबरठा
टाकू नका! ते टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार, थंडीत स्फटिक होऊन खाली बसतात. अपाय काहीच नाही, फक्त दाताखाली कचकच लागते. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळू ओता आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.